निळं टोक

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चिप्स आल्या. पाकीट कस्टम्सने फोडून पुन्हा चिकटवलं होतं, पण आतली डबी शाबूत आहे. शेफालीने डबीला हात लावण्याआधी चक्क नमस्कार केला. मी म्हटलं, "आधी हातमोजे घाल." ती म्हणाली, "नारायण पेठेत आनंदाला पण वेळ ठरवून देतात का गं? एक ते चार बंद?"

पुढे गोंधळ नको म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. चिपवर मोहरीच्या दाण्याहून लहान अशा गोल रिंगा आहेत. वीज सोडली की रिंगेत लेसरचा प्रकाश फिरू लागतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरला तर चिपच्या उजव्या कडेने बाहेर पडतो, उलट फिरला तर डाव्या. कुठल्या बाजूने फिरायचं हे तो स्वतः ठरवतो, मध्येच बदलतोही. अशा लेसरचा कुणाला उपयोग नाही. त्याची दिशा आपल्याला ठरवता यावी, हा आमचा प्रकल्प.

शेफालीचा उपाय: रिंगेच्या पोटातून एक वळणदार वाट. उलटा फिरणारा प्रकाश त्या वाटेत शिरला की वळून सुलटा होतो. सुलट्याला ती वाट वळवत नाही. म्हणजे प्रकाश कायम उजवीकडूनच बाहेर यायला हवा. माझा उपाय: दुसऱ्या लेसरचा प्रकाश बाहेरून क्षणभर आत सोडायचा, रिंग त्याच्यामागे जाते. तिचा उपाय जास्त देखणा आहे. माझा जास्त खात्रीचा.

पुढच्या वेळच्या चिपवर जागा एकाच उपायाला आहे. मोजमाप दोन्हींचं मीच करणार. प्रयोगशाळेत ते काम माझंच असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. संस्थेत सकाळपासून शाळांच्या रांगा. आमच्या गाईड पद्मजा मॅडमनी मला आणि वरदला (तो आमच्याच प्रयोगशाळेत, आमच्याहून एक वर्षाने मागे) फायबरमधून लाल प्रकाश दाखवायला बसवलं. एका मुलीने विचारलं, "हा प्रकाश परत येतो का?" वरद म्हणाला, "शाळा सुटली की येतो." मुली हसल्या, बाई नाहीत.

हाताशी फायबरची चांगली कॉर्ड नव्हती, म्हणून मोजमापाच्या टेबलावरची उजवीकडची हिरव्या टोकाची काढून नेली. तिच्या जागी निळ्या टोकाची लावून ठेवली.

३ मार्च, सोमवार

शेफालीच्या सगळ्या रिंगा मोजल्या. दोन सोडून बाकी सगळ्यांत प्रकाश डावीकडून बाहेर पडतो. म्हणजे उलटा.

हिरवी कॉर्ड अजून वरदच्या खोक्यात आहे, आणायची राहिली. निळीने काम झालं. मीटरपर्यंत प्रकाश तेवढाच पोचतो.

शेफाली शेजारच्या स्टुलावर बसून होती. तिसऱ्या-चौथ्या रिंगेनंतर तिने विचारलं, "सेटअप सगळा नेहमीसारखाच आहे ना?" मी म्हटलं, "नेहमीसारखाच." ती म्हणाली, "मग मीच नेहमीसारखी नाहीये," आणि चहा आणायला गेली. चहा दोघींचा आणला.

एरवी मी प्रत्येक मोजमाप तीनदा करते. आज एकदाच केलं. गुरुवारी बैठक आहे.

मला आनंद झाला नाही, हे नोंदवून ठेवते.

६ मार्च, गुरुवार

बैठक. मी आलेख दाखवले. पद्मजा मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेफाली, तुझा प्रकाश आपल्या रिक्षावाल्यांसारखा आहे. म्हणू तिकडे सोडून सगळीकडे जातो." सगळे हसले. शेफालीही हसली.

नंतर मॅडमनी तिला थांबवून घेतलं. तिचं पीएचडीचं चौथं वर्ष संपत आलंय. शिष्यवृत्तीला मुदतवाढ हवी तर दाखवायला निकाल हवा. दार अर्धं उघडं होतं. मॅडम म्हणत होत्या, "मुदतवाढीच्या पत्रात मी लिहू काय, ते तूच सांग."

पुढच्या चिपवर माझा उपाय जाणार. मॅडमनी जिन्यात सांगितलं. मी "बरं" म्हटलं.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी होती, म्हणून शेफालीने पुरणपोळ्या आणल्या. ती खराडीची, आयटी पार्क यायच्या आधीच्या खराडीची. घरी अजून दोन म्हशी आहेत आणि तूप घरचं असतं. मी दोन पोळ्या खाल्ल्या.

आठवडाभर ती सगळी गणितं पुन्हा करत बसली आहे. म्हणाली, "चूक सापडतच नाहीये. सापडली असती तर बरं वाटलं असतं. तुला काय वाटतं, कुठे घसरलं?"

मी म्हटलं, "वाटेच्या भिंती खरखरीत आल्या असतील. प्रकाश तिथून मागे विखुरत असेल."

हे शक्य आहे. अशी उदाहरणं आहेत.

ती म्हणाली, "म्हणजे डोकं बरोबर, हात वाईट. आमच्या बजरंगरावांसारखं." बजरंगराव म्हणजे तिचे वडील. मग म्हणाली, "माझा भाऊ रविराज मागे लागलाय. त्याच्या ओळखीने खराडीत नोकरी आहे, चिपच्याच सॉफ्टवेअरची. हो म्हणू?"

मी म्हटलं, "हा निर्णय तुझा आहे." ती म्हणाली, "तूप जास्त झालं का? गप्प झालीस."

२१ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

तुलनेसाठी शेफालीच्याच एका रिंगेवर माझी पद्धत लावून बघत होते. मध्येच उजवीकडच्या कॉर्डचं टोक पुसायला मीटरमधून काढलं. स्पिरिटचा ओला कागद टोकावर टेकवला आणि डावीकडचा मीटर शून्याजवळ आला. स्पिरिट उडून गेलं, मीटर पुन्हा वर. पुन्हा ओला कागद, पुन्हा खाली. मी हे किती वेळ करत बसले ते आठवत नाही.

टोक निळं आहे. निळं टोक सपाट घासलेलं असतं. त्यावर आपटून थोडासा प्रकाश आल्या वाटेने मागे जातो. उजवीकडून मागे गेलेला प्रकाश रिंगेत शिरतो तो उलट्या दिशेने, आणि रिंगेला तेवढं निमित्त पुरतं. हिरवं टोक तिरपं घासलेलं असतं, म्हणून त्यातून काही परत येत नाही. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी ते वरदला शिकवलं आहे.

वरदच्या खोक्यातून हिरवी कॉर्ड आणून लावली. शेफालीच्या सगळ्या रिंगा पुन्हा मोजल्या. सगळ्यांत प्रकाश उजवीकडून आला. मध्ये एकदाही दिशा बदलली नाही.

हा एका दिवसाचा, एका तापमानाचा निकाल आहे. याला पुष्टी म्हणत नाहीत. शेफालीने नोकरीला हो म्हटलंय, सोमवारी पीएचडीची नोंदणी मागे घेण्याच्या अर्जावर सही करणार आहे. फोन हातात घेतला होता. अर्धवट निकालावर कुणाची आशा वाढवणं क्रूर होईल, म्हणून केला नाही.

निळी कॉर्ड कपाटात मागे ठेवली.

२४ मार्च, सोमवार

शेफालीने सही केली. पेन माझं घेतलं. तिच्या सगळ्याच पेनांची शाई नेमकी वेळेला संपते.

तिचं खोकं मी पार्किंगपर्यंत नेलं. आत पुस्तकं, चहाचा मग, एक स्वेटर. ती म्हणाली, "ऑफिस कुठे आहे माहितीये? जिथे आमच्या आज्याचा ऊस होता, बरोब्बर तिथे. चौथ्या मजल्यावर, एसीत. आमची मुक्ताबाई म्हणते, 'पोरगी आपल्याच वावरात चाललीय, त्यात रडण्यासारखं काय हाय?'"

मुक्ताबाई म्हणजे तिची आजी. मी विचारलं, "कोण रडतंय?"

"कोणी नाही. आजीला लांबचं नीट दिसत नाही." तिने खोकं स्कूटरवर पायांपाशी बसवलं. "येशील ना खराडीला? का पेठेबाहेर पडायला परवाना लागतो?"

मी म्हटलं, "हेल्मेटचा पट्टा लाव."

पुष्टी झाल्याशिवाय बोलणं शास्त्राला धरून नाही. आज संध्याकाळी दुसऱ्या तापमानाला मोजलं. निकाल तोच.

३० मार्च, रविवार

पाडवा. बाबांनी गॅलरीत गुढी उभारली आणि नेहमीप्रमाणे ती सरळ आहे की नाही यावर समोरच्या इमारतीतल्यांचं मत घेतलं.

पानं वाढताना आई म्हणाली, "शेफाली येणार होती ना श्रीखंडाला? तिच्यासाठी बिनकेशराचं वेगळं काढलंय."

"नवीन नोकरी आहे. कामात असेल."

"पाडव्याला? रविवारी?" आईने वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. "भांडलात का?"

"नाही."

"मग भांडा. नुसतं गप्प बसून तुम्हाला काय मिळतं कोण जाणे."

बाबा म्हणाले, "अहो मंदाकिनीबाई, तिला जेवू दे." आई म्हणाली, "जेवतेय कुठे? मोजतेय."

दुपारी झोप आली नाही. मी शेफालीला फोन केला नव्हता, की ये म्हणून. तिने तरी का केला नाही, असा विचार मनात आला. त्याला काही अर्थ नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

तीन तापमानं. दोन्ही कॉर्ड आलटून पालटून. प्रत्येक रिंग तीनदा. शंकेला जागा उरली नाही. शेफालीचा उपाय चालतो. बाहेरचा लेसर नाही, तापमान सांभाळणं नाही, काही नाही. वीज सोडली की प्रकाश योग्य दिशेने फिरतो आणि फिरत राहतो. इतका शांत आलेख मी आजवर काढला नव्हता.

मॅडम बंगलोरला आहेत, मंगळवारपर्यंत. असं काही ईमेलवर कळवण्यासारखं नाही. पुढच्या चिपचा आराखडा ११ तारखेला जायचा आहे.

माझा उपायही खोटा नाही. तोही चालतो, हे कुणी नाकारू शकत नाही.

आज इथे एक वाक्य लिहून खोडलं. पुन्हा लिहिते. मला ती चिप हवी आहे.

९ एप्रिल, बुधवार

मॅडमच्या खोलीत गेले. त्या प्रवासाची बिलं लावत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, शेफालीचा उपाय चालतो."

"कुठे? खराडीत?"

मी आलेख समोर ठेवले. आधी निळ्या कॉर्डचे, मग हिरव्या. त्यांनी बिलं बाजूला सारली. काही विचारावं लागलं नाही. त्यांचं बोट सरळ तिथेच गेलं.

"फायबरचं टोक," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवते. तुलाही शिकवलं होतं."

"हो."

"कॉर्ड कुणी बदलली?"

"मी. विज्ञान दिनाला. नंतर परत लावली नाही."

"आणि कळलं कधी?"

"एकवीस मार्चला."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "तिने सही चोवीसला केली."

"हो."

"त्याच कागदावर खाली माझीही आहे." मग त्यांनी आलेख पुन्हा पहिल्यापासून चाळले. मी उभी होते, त्यांनी बस म्हटलं नाही. शेवटी म्हणाल्या, "शुक्रवारी कुणाचा आराखडा जाईल ते मी बघते. त्यावर तुझं मत नकोय. तिला मात्र तू सांगायचंस. फोनवर नाही."

मी दाराशी पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, मोजमाप सुरुचीने केलंय ना, मग बघायला नको."

त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

१० एप्रिल, गुरुवार

मेट्रोने रामवाडी, पुढे रिक्षा. शेफाली खाली गेटपाशी आली, गळ्यात ओळखपत्र. मला बघून ओरडलीच, "अगं बाई! परवाना मिळाला वाटतं!" सरळ कॅन्टीनमध्ये घेऊन गेली, न विचारता दोन डोसे सांगितले, खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "ते जनरेटर दिसतंय ना, तिथे आमची विहीर होती."

डोसे यायच्या आधी सांगायचं असं मी ठरवलं होतं. सांगितलं. कॉर्ड, निळं टोक, स्पिरिट.

तिने आधी एवढंच ऐकलं: "म्हणजे चालतं?"

"चालतं."

"सगळ्या रिंगा?"

"सगळ्या. दिशा एकदाही बदलत नाही."

ती इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "मला वाटलंच होतं गं! वेड लागायची पाळी आली होती. आईला म्हटलं, मला साधा गुणाकार येत नाही बहुतेक." मग तिने विचारलं, "कधी बघितलंस?"

परवा, असं म्हणता आलं असतं. मॅडम आपणहून तिला तारीख सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. तिचा हात अजून माझ्या हातावर होता. मी हे सगळं पाहिलं आणि म्हटलं, "एकवीस मार्चला."

तिने हात लगेच काढला नाही. आधी तिच्या चेहऱ्यावर हिशेब झाला.

"चोवीसला तू माझं खोकं खाली आणलंस."

"हो."

"पेन दिलंस."

"हो."

"का?"

मी म्हटलं, "एकाच तापमानाचा निकाल होता, पुष्टी नव्हती…"

"मशीनचं मला सांगू नकोस. तुझं सांग."

"मला ती चिप हवी होती."

डोसे आले. पोऱ्याने चटणी कुणाला जास्त असं विचारलं आणि वाटी मधोमध ठेवून गेला. ती म्हणाली, "हे तू मार्चमध्ये म्हणाली असतीस ना, तर मी कडाकडा भांडले असते तुझ्याशी. जागा सोडली नसती. पण भांडलो असतो आपण. संध्याकाळी परत चहा प्यायलो असतो." मग म्हणाली, "तू मला विचारलंस का, कोण रडतंय म्हणून? पार्किंगमध्ये?"

"विचारलं."

"माहीत असून?"

तिची सुट्टी संपली होती. तिने गेटला ओळखपत्र टेकवलं, फाटक उघडलं, ती आत गेली. मी दोन्ही डोशांचे पैसे द्यायला गेले तर तिने आधीच दिले होते.

११ एप्रिल, शुक्रवार

शेफालीचा आराखडा गेला.

२२ एप्रिल, मंगळवार

मॅडमनी बोलावलं. अर्ज रद्द करून घेण्यासाठी त्या स्वतः दोनदा मुख्य इमारतीत जाऊन आल्या. मुदतवाढ मिळाली. शेफाली नोटिशीचा महिना संपला की परत येते आहे.

"तिची एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "तिच्या रिंगांचं मोजमाप वरद करेल."

मी म्हटलं, "वरद घाई करतो. टोकं पुसत नाही. त्याची नोंद पूर्ण नसते."

"खरंय. पण नाही पुसलं तर नाही पुसलं असं सांगतो."

मी म्हटलं, "मी त्याला शिकवते." त्या म्हणाल्या, "हो. ते कर."

१४ जुलै, सोमवार

वरदला रोज एक तास. टोक तपासणं, पुसणं, पुन्हा तपासणं, तीनदा मोजणं. आज त्याने विचारलं, "ताई, एवढं जर सगळं माहीत होतं, तर मग…" आणि स्वतःच थांबला. मी म्हटलं, "विचार." तो म्हणाला, "नको."

शेफाली समोरच्या टेबलावर बसते. कामाचं नीट बोलते. "ती फाइल पाठवशील का?" "पाठवली." दुपारचा डबा वरदबरोबर खाते. हे साहजिक आहे. मला तिच्या डब्यातली मेथीची भाजी तशीही फारशी आवडत नव्हती.

आईने विचारलं, "भांडलात का?" मी म्हटलं, "हो." आई म्हणाली, "चला. सुरुवात तरी झाली."

१२ नोव्हेंबर, बुधवार

नव्या चिप्स काल आल्या. आज मोजमाप.

सकाळी मी टेबल तयार करून दिलं आणि बाहेर आले. कुणी जा म्हटलं नव्हतं. दाराबाहेरच्या संगणकावर जुने आलेख दुरुस्त करत बसले. मार्चमधल्या चुकीच्या निकालाची दुरुस्ती प्रयोगशाळेच्या अहवालात माझ्या नावाने छापून येणार आहे, कारणासकट. कारण मीच लिहिलं. मॅडमनी त्यातला "अनवधानाने" हा शब्द फक्त पहिल्या तारखेपुरता, म्हणजे कॉर्ड बदलल्यापुरता ठेवला. बरोबर आहे.

आतून वरदचा आवाज येत होता. "एक… उजवीकडे. दोन… उजवीकडे." मध्येच, "थांब, हे टोक मी पुसलं नव्हतं, परत करतो." शेफाली म्हणत होती, "कर बाबा कर, वेळ आहे." मग पुन्हा, "उजवीकडे." असं बराच वेळ. मी टंकत होते ते थांबलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शेवटची रिंग झाली. मग शेफाली हसली. कॅन्टीनमध्ये हसली होती तशीच, शेजारची माणसं वळून बघतील अशी.

मी खुर्चीतच बसून राहिले. आत जाण्याचं मला काही कारण नव्हतं. तिच्या उपायाला मी जन्म दिला नव्हता, आज तो मोजलाही नव्हता. माझं त्यातलं काम एवढंच, की तो आठ महिने आधीच चालत होता आणि मी चालू दिला नव्हता.

दार उघडलं. शेफाली. डोक्यावर प्रयोगशाळेची टोपी, हातमोजे. माझ्याकडे बघितलं.

"बघायचंय?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही नीट कळलं नाही.

"ये आत," ती म्हणाली. "कशाला हात लावू नकोस."

मी हात पाठीमागे धरले आणि आत गेले.